दुर्गम भागातल्या आरोग्य कार्यकर्त्यांचं सरकारी खर्चाचं प्रशिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपुड्यातल्या आशाताई, त्यांचे नवरे, सरपंच, बारावी झालेल्या मुली आणि एक-दोन बीएएमएस डॉक्टर यांनी फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा विचारलेले हे प्रश्न. मी नंदुरबार जिल्ह्यात बरीच वर्षं आशांना शिकवायचं काम केलं, म्हणून उदाहरणं बहुतेक तिकडची आहेत. नियम मात्र राज्यातल्या सगळ्या आदिवासी भागाला तेच लागू आहेत. प्रश्नांना क्रमांक दिलेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे तसं सांगितलं आहे.

1. सरकारी खर्चाने शिकून आरोग्याचं काम करायचं, तर कोणकोणते रस्ते आहेत?

शिक्षणाच्या पायरीप्रमाणे बघा. आठवी-दहावी झालेल्या बाईसाठी आशा स्वयंसेविका (प्रश्न 3 ते 11). बारावीनंतर दोन वर्षांचं एएनएम किंवा तीन वर्षांचं जीएनएम, हे दोन्ही परिचारिकेचे अभ्यासक्रम (प्रश्न 12 ते 14). बीएएमएस, बीयूएमएस किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांसाठी समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सगळे ज्याला सीएचओ म्हणतात ते (प्रश्न 15). मुलांसाठी आरोग्य सेवक (प्रश्न 16). एमबीबीएसवाल्यांचं प्रकरण वेगळं आहे, ते प्रश्न 20 मध्ये.

यातलं आशाचं प्रशिक्षण पूर्ण मोफत. एएनएम-जीएनएमला फी असते, पण शिष्यवृत्तीतून ती भागते. सीएचओचा खर्च सरकार करतं आणि बदल्यात बंधपत्र लिहून घेतं.

2. हा पैसा येतो कुठून? केंद्राचा की राज्याचा?

दोघांचा. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, 2013 मध्ये शहरी भाग जोडून त्याचं राष्ट्रीय आरोग्य अभियान झालं. आशा, सीएचओ आणि नोकरीत असलेल्या एएनएमची बहुतेक प्रशिक्षणं यातून होतात. महाराष्ट्रात खर्चाची वाटणी 60 टक्के केंद्र, 40 टक्के राज्य अशी आहे. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना 90:10 मिळते. आमचा सातपुडा कितीही उभा असला तरी त्यात बसत नाही.

जिल्हा आपली मागणी आराखड्यात लिहितो, त्याला सगळे पीआयपी म्हणतात. जिल्ह्यांचे आराखडे पुण्या-मुंबईत एकत्र होतात, दिल्लीला जातात, तिथे काटछाट होते आणि मंजुरीचा कागद, म्हणजे आरओपी, परत येतो. मग निधी उतरतो. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण तालुक्याच्या खात्यात पैसे यायला पावसाळा उजाडतो, कधी दिवाळी. खर्च मात्र 31 मार्चच्या आत दाखवायचा. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रशिक्षणांची झुंबड उडते.

आता पाड्याचं वर्ष बघा. दिवाळीनंतर निम्मी घरं गुजरातेत ऊसतोडीला गेलेली. मार्चमध्ये होळी. काठी गावची राजवाडी होळी, त्यानंतर गावोगावचे मेळादे, म्हणजे होळीचे मेळे. आमच्याकडे दिवाळीपेक्षा होळी मोठी. एका वर्षी नेमकं त्याच आठवड्यात पाच दिवसांचं निवासी प्रशिक्षण लागलं. यादीत तीस नावं होती, पहिल्या दिवशी हॉलमध्ये अकरा बाया. वरून फोन आला, "बाकीच्या बायांना गांभीर्य नाही का?" मी काय सांगणार? गांभीर्य कॅलेंडर काढणाऱ्याला हवं होतं. पैसा कमी पडतो ही तक्रार मी फारशी करत नाही. पैसा चुकीच्या महिन्यात येतो, ही माझी तक्रार जुनी आहे.

अभियानाशिवाय आदिवासी उपयोजनेचा निधी असतो. तो जिल्हा नियोजन समितीमार्फत येतो. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा; त्याखाली ग्रामपंचायतीला थेट मिळणाऱ्या निधीबद्दल प्रश्न 19 बघा.

3. आशा व्हायला शिक्षण आणि वय किती लागतं?

आदिवासी भागात किमान आठवी पास आणि वय 20 ते 45. बिगर आदिवासी भागात दहावी पास आणि 25 ते 45. बाई त्याच गावची रहिवासी हवी, शक्यतो विवाहित. विधवा, परित्यक्ता यांना अडचण नाही, उलट त्यांचा विचार आधी व्हावा अशीच अपेक्षा आहे. आदिवासी भागात साधारण 1000 लोकसंख्येमागे एक आशा, बाकी ठिकाणी 1500 मागे एक.

हा हजारचा आकडा डोंगरात फसवा आहे. सपाटीवर हजार माणसं एका गल्लीत राहतात. धडगावकडे हजार माणसांसाठी सात पाडे, आणि एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला नाला उतरून टेकडी चढायची. डोंगराळ-आदिवासी भागात वस्तीनुसार आशा नेमता येते, अशी तरतूद केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. ग्रामसभेने तशी मागणी लेखी करावी, तोंडी सांगून ती वर पोचत नाही.

4. आमच्या गावात आशाची जागा निघाली आहे. एक जण म्हणतो, अमुक रक्कम दिली तर नाव लागेल. खरं आहे का?

देऊ नका. निवड ग्रामसभेत होते. इच्छुक बायांची नावं गावासमोर येतात, तिथे ठराव होतो, मग प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे कागद जातो. यात कुठेही फी नाही आणि "प्रशिक्षणाची अनामत" वगैरे प्रकार तर मुळीच नाही.

सावध राहायचं ते ग्रामसभा कागदावर होण्यापासून. कोणालाच आठवत नाही अशी सभा झालेली असते आणि ठरावाखाली अंगठे असतात. शंका आली तर ग्रामसेवकाकडे त्या दिवसाच्या इतिवृत्ताची प्रत लेखी मागा. प्रत मागितली म्हटल्यावर कित्येकदा सभा पुन्हा भरते.

5. आशाचं प्रशिक्षण किती दिवसांचं असतं आणि शिकवतात काय?

सुरुवातीचं पायाभूत प्रशिक्षण पूर्वी पहिल्या वर्षात तुकड्या-तुकड्यांनी 23 दिवसांचं असायचं. नंतर नव्या आशांसाठी 8 दिवसांचं एकत्र पुस्तक आलं. त्यापुढे सहावं आणि सातवं पुस्तक, पाच-पाच दिवसांच्या चार टप्प्यांत, एकूण 20 दिवस. हाच खरा गाभा. याखेरीज लहान मुलांच्या गृहभेटी, क्षयरोग, कुष्ठरोग, हिवताप, रक्तदाब-मधुमेह अशी एक-दोन ते पाच दिवसांची प्रशिक्षणं वर्षभर चालू असतात.

सहाव्या-सातव्या पुस्तकात नवजात बाळाची घरी जाऊन काळजी कशी घ्यायची ते शिकवतात. हे पुस्तक दिल्लीच्या कार्यालयात बसून कोणाला सुचलेलं नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या 39 गावांत साध्या शिकलेल्या बायांना हे काम शिकवलं आणि तिथले नवजात बालमृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. देशभरातल्या आशा आज जे शिकतात त्याचं मूळ तिथे आहे. त्याही आधी, 1970 पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर, बायांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभं केलं होतं. म्हणजे "आठवी पास बाईला काय जमणार" या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रानेच दोनदा देऊन झालेलं आहे.

वर्गात काय चालतं ते सांगतो. बाळाचे श्वास मोजायचा धडा. बाहुली छातीशी धरून शिकवता येत नाही, कारण बाहुली श्वास घेत नाही. म्हणून आम्ही सगळ्यांना वॉर्डात नेतो. बाळ झोपलेलं असलं पाहिजे, दूध पीत किंवा रडत असताना मोजून उपयोग नाही. अंगावरचं फडकं पोटापर्यंत बाजूला करायचं, घड्याळ सुरू करायचं आणि पोट वर आलं की एक. पूर्ण एक मिनिट. बहुतेक जणी पहिल्यांदा अर्ध्या मिनिटावर थांबतात आणि दुप्पट करतात. तसं चालत नाही, नवजात बाळाचा श्वास मधेच थबकतो, मधेच पळतो. 60 किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजायचे. दुसऱ्यांदाही 60 किंवा जास्त आले तर बाळ दवाखान्यात गेलं पाहिजे.

एकदा एक ताई मोजता मोजता 39 वर अडकली. पुढचा आकडा तिला येत नव्हता असं नाही, मराठीत "चाळीस" म्हणेपर्यंत बाळाचे दोन श्वास होऊन जात. तिने दुसऱ्यांदा आपल्या पावरी बोलीत मोजलं आणि बरोबर आलं. भाषेचं पुढे प्रश्न 8 मध्ये येतंच आहे.

6. प्रशिक्षणाच्या दिवसांचे पैसे मिळतात का? राहायचं-जेवायचं काय?

निवासी प्रशिक्षणात राहणं आणि जेवण सरकारी खर्चाने, येण्याजाण्याचं भाडं आणि रोजचा प्रशिक्षण भत्ता वेगळा. भत्त्याचा दर त्या वर्षीच्या मंजुरीत लिहिलेला असतो. पत्र हातात आलं की पहिल्याच दिवशी गटप्रवर्तक ताईंना (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या) किंवा तालुका समूह संघटकांना (तालुक्यातल्या आशांचं काम बघणाऱ्या) विचारून घ्या आणि वहीत लिहा. शेवटच्या दिवशी विचारलं की सगळ्यांना एसटीची घाई असते.

भाडं एसटीच्या दराने काढतात. तोरणमाळच्या खालच्या पाड्यांवरून किंवा नर्मदेकाठच्या गावांतून येणारी बाई आधी दोन-तीन तास चालते, मग मिळेल त्या जीपने येते. जीपवाला तिकीट देत नाही. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून अंतराचा आणि एसटी नसल्याचा दाखला आधीच घ्या. तो जोडला की हिशेब तपासणाऱ्याला हरकत घ्यायला जागा उरत नाही.

पाच दिवस घर सोडलं की शेतातली मजुरी बुडते, शेळ्या बघायला कोणाला तरी ठेवावं लागतं. भत्ता त्याची भरपाई करत नाही. प्रशिक्षण फुकट असतं, घरून निघणं फुकट नसतं.

7. माझं बाळ पाच महिन्यांचं आहे. घेऊन आले तर चालेल का? आणि गरोदर असेन तर?

बाळ घेऊन या, आणि सांभाळायला सासू किंवा बहीण सोबत आणा. बाळाला पाजायला उठायचं असेल तेव्हा उठा, कोणी अडवलं तर सांगा की तुम्ही इथे स्तनपानच शिकायला आला आहात. सोबतच्या बाईच्या जेवणाचं आयोजकांना दोन दिवस आधी कळवा. तिच्यासाठी वेगळी तरतूद नसते, पण स्वयंपाक पन्नास जणींचा असतो, एक पान वाढायला कोणी नाही म्हणालेलं मी पाहिलेलं नाही.

गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत घाटातून प्रवास करून येऊ नका. टप्पा पुढच्या तुकडीत करता येतो (प्रश्न 9).

8. मला मराठी समजतं पण लिहायला जड जातं. घरी पावरी बोलतो. जमेल का?

जमेल. प्रशिक्षकांमध्ये तुमची भाषा जाणणारं कोणीतरी असावं असा आग्रह धरा. बहुतेक वेळा गटप्रवर्तक ताई त्याच भागातल्या असतात, त्या उलगडून सांगतात. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया, इकडे पावरी, भिली, मावची. पुस्तकं मराठीत आहेत आणि ती चित्रांवरून बऱ्यापैकी कळतात.

लिहिण्याचं मात्र टाळता येणार नाही. गृहभेटीचा फॉर्म भरलेला नसेल तर भेटीचे पैसे निघत नाहीत. त्या फॉर्ममध्ये निबंध नसतो, रकाने असतात. महिनाभर रोज एक जुना फॉर्म घरी मुलाकडून वाचून घेतला की हात बसतो.

9. चारपैकी एक टप्पा चुकला. आता पहिल्यापासून करावं लागेल का?

नाही. चुकलेला तेवढाच टप्पा दुसऱ्या तुकडीबरोबर, गरज पडल्यास शेजारच्या तालुक्यात करता येतो. तालुका समूह संघटकांना लेखी कळवा आणि प्रत ठेवा. टप्पे उलटसुलट क्रमाने झाले तरी चालतात, पण पहिला चुकला असेल तर दुसऱ्याआधी तो करून घ्यायचा प्रयत्न करा, नाहीतर दुसऱ्यात काही कळत नाही. प्रशिक्षण अर्धवट असताना नवजात बालकांच्या गृहभेटींचं काम तुमच्याकडे द्यायचं की नाही हे वैद्यकीय अधिकारी ठरवतात, म्हणून वेळ काढू नका.

10. प्रशिक्षण झालं की पगार किती?

पगार नाही. आशा ही कागदोपत्री स्वयंसेविका आहे, तिला कामावर आधारित मोबदला मिळतो. 1977 मध्ये गावोगाव आरोग्यरक्षक नेमण्याची केंद्राची योजना आली होती, त्यांना महिना 50 रुपये मानधन होतं. तेव्हापासून शब्द बदलत गेले, "स्वयंसेवा" तेवढी टिकली आहे.

मोबदल्याचे दोन भाग. पहिला ठरावीक: बैठका, नोंदवह्या, लसीकरणाच्या दिवशीचं काम वगैरे नेहमीच्या कामांचा केंद्राचा मोबदला ऑक्टोबर 2018 पासून महिना 1000 चा 2000 झाला आणि मार्च 2025 मध्ये तो 3500 करायचं ठरलं. राज्य स्वतःच्या तिजोरीतून वेगळं देतं, त्यात नोव्हेंबर 2023 पासून 5000 रुपयांची वाढ झाली. ती वाढ आशांनी आझाद मैदानात बसून मिळवली, कोणी आपणहून दिली नाही.

दुसरा भाग कामागणिक. नवजात बाळाच्या गृहभेटींचे 250 रुपये: दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर सहा भेटी (3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी), घरी झालेल्या बाळंतपणात पहिल्या दिवसाची धरून सात. त्यानंतर 3, 6, 9, 12 आणि 15 महिन्यांच्या भेटींना प्रत्येकी 50. हिवतापासाठी रक्तनमुना घेतला किंवा झटपट तपासणी केली तर 15, पूर्ण उपचार करून घेतले तर त्याचे वेगळे. ज्या कामाचं प्रशिक्षण झालं नाही त्याचा मोबदला अडतो, म्हणून प्रश्न 9 मनावर घ्या.

11. प्रशिक्षण झालं, आणि मी काम सोडलं किंवा दुसऱ्या गावी राहायला गेले, तर पैसे परत करावे लागतात का?

आशाला नाही. बंधपत्र नसतं, वसुली नसते. कोणी तशी भीती घालत असेल तर लेखी मागा. औषधांची पेटी, वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ आणि नोंदवह्या तेवढ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जमा करून पोच घ्या.

दुसऱ्या गावी गेलात तर नेमणूक सोबत येत नाही, कारण ती त्या गावच्या ग्रामसभेची आहे. नव्या गावात जागा असेल तर पुन्हा प्रश्न 4 पासून. तुमची जुनी प्रमाणपत्रं मात्र तिथे उपयोगी पडतात, जपून ठेवा.

ऊसतोडीला चार महिने जाणाऱ्या ताईंचं काय, हे खूप जण विचारतात. सरळ सांगायचं तर आशा चार महिने गावात नसेल तर काम होत नाही. पण जागा रिकामी करून नवी बाई पहिल्यापासून शिकवण्यापेक्षा शेजारच्या पाड्याच्या आशेकडे तेवढ्यापुरतं काम देणं परवडतं, आणि समजूतदार वैद्यकीय अधिकारी तसंच करतात. जाण्याआधी सांगून जा.

12. मी आशा आहे. मला एएनएम व्हायचंय. आशाची वर्षं धरतात का?

अनुभव धरतात, शिक्षण म्हणून धरत नाहीत. एएनएमला बारावी लागतेच आणि प्रवेशाच्या वयाची कमाल मर्यादा 35. तुम्ही आठवी पास असाल तर आधी दहावी, मग बारावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून घरी बसून करता येतात. आशांच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचं कामही त्याच संस्थेकडे आहे, पण ते प्रमाणपत्र म्हणजे बारावी नव्हे. यात दरवर्षी कोणी ना कोणी फसतं.

एएनएम पूर्ण वेळचं आहे, आशाचं काम सांभाळून होणार नाही. तिशीतल्या, दोन लेकरांच्या बाईने दोन वर्षांचा मोबदला सोडायचा, हा निर्णय मी कोणासाठी घेऊ शकत नाही. ज्या दोघींना मी ओळखतो त्यांच्या सासूने लेकरं सांभाळली, म्हणून झालं.

13. एएनएम-जीएनएमची फी कोण भरतं? मुलगी अनुसूचित जमातीची आहे.

सरकारी शाळेत फी थोडी असते, खासगीत भरपूर. दोन्हीकडे महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर) भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. जमातींसाठी या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा 75 टक्के, राज्याचा 25.

अर्ज करण्याआधी तीन कागद: उत्पन्नाचा चालू वर्षाचा दाखला, आधारशी जोडलेलं मुलीच्या नावाचं बँक खातं, आणि जात वैधता प्रमाणपत्र. पहिले दोन आठवड्यात होतात. तिसऱ्याने घरं रडवली आहेत. जातीचा दाखला म्हणजे वैधता नव्हे. वैधता जमाती प्रमाणपत्र तपासणी समिती देते आणि त्यासाठी वडील-आजोबांच्या शाळेच्या, जमिनीच्या जुन्या नोंदी लागतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर महसुली नोंदी शोधा, कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीत, जन्माची नोंद सापडते का बघा. काका किंवा चुलत भावाला वैधता मिळालेली असेल तर तिची प्रत जोडा, काम पुष्कळ सोपं होतं. मुलगी अकरावीत असतानाच अर्ज टाका. निकाल लागल्यावर पळापळ करणाऱ्यांची जागा हातची जाते.

खासगी संस्था "शिष्यवृत्ती येईल तेव्हा येईल, आधी पूर्ण फी भरा" म्हणत असेल तर प्रवेशाआधी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारा.

14. वसतिगृहात नंबर लागला नाही. भाड्याने राहायचं तर?

पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या जमातीच्या विद्यार्थ्यांना राहणं-जेवणासाठी थेट खात्यात रक्कम मिळते: मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरात वर्षाला 60 हजार, इतर महापालिका क्षेत्रात 51 हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार. शिक्षणाचं ठिकाण हेच तुमचं राहतं गाव असेल तर मिळत नाही. उत्पन्नाची अट प्रश्न 13 सारखीच. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी अशीच स्वाधार योजना आहे, ती समाजकल्याणकडे.

15. मी बीएएमएस आहे. सीएचओचं प्रशिक्षण घेतलं तर बंधपत्रात अडकेन का?

अडकाल, आणि ते वाचून सही केली तर त्यात वाईट काही नाही. उपकेंद्राचं आरोग्यवर्धिनी केंद्र (आता आयुष्मान आरोग्य मंदिर) करताना तिथे बसायला माणूस हवा म्हणून हे पद निघालं. सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, खर्च अभियानाचा, शिकताना विद्यावेतन. त्यानंतर नेमून दिलेल्या उपकेंद्रात ठरावीक काळ सेवा. मधेच सोडली तर बंधपत्रातली रक्कम भरावी लागते. सेवेत महिना 25 हजार ठरावीक आणि कामगिरीवर 15 हजारांपर्यंत. "40 हजारांची नोकरी" असं ऐकून येणाऱ्यांनी यातले 15 हजार दर महिन्याला आपोआप पडत नाहीत हे लक्षात घ्यावं.

गोंधळ होतो तो दोन ठिकाणी. एक, प्रशिक्षण तुम्ही एका जिल्ह्यात घेता आणि नेमणूक दुसऱ्या जिल्ह्यात निघू शकते. दोन, मधेच पीजीला नंबर लागला तर बंधपत्र आपोआप थांबत नाही, लेखी परवानगी लागते. बीएस्सी नर्सिंगच्या अलीकडच्या तुकड्यांच्या अभ्यासक्रमात हा विषय आधीच मिसळलेला आहे, त्यांनी वेगळा कोर्स लागतो का ते जाहिरातीत बघावं.

16. सगळं बायांसाठीच आहे का? माझा मुलगा दहावी सायन्स घेऊन पास आहे.

आरोग्य सेवक (पुरुष) हे जिल्हा परिषदेचं पद आहे. विज्ञान घेऊन दहावी पास उमेदवार चालतो आणि बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्याचा 12 महिन्यांचा पायाभूत कोर्स झालेला नसेल तर तो नेमणुकीनंतर करायचा असतो. म्हणजे आधी खासगीत पैसे घालून कोर्स करायची घाई नको. या पदातल्या 50 टक्के जागा हिवतापाच्या हंगामी फवारणीत 90 दिवस काम केलेल्यांसाठी असतात. पावसाळ्यात पाठीवर पंप घेऊन हिंडलेल्या पोरांनी त्या दिवसांचा दाखला घेतलेलाच नसतो आणि भरती निघाली की जुना पर्यवेक्षक शोधत फिरतात. दाखला त्याच वर्षी घ्या.

अनुसूचित क्षेत्रात काही पदं स्थानिक जमातीच्या उमेदवारांनीच भरायची अशी राज्यपालांची 2014 ची अधिसूचना आहे. त्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला आणि भरत्या रखडल्या. त्यामुळे जाहिरातीतली पेसाची तळटीप नीट वाचा.

17. जवळच्या शहरात एक संस्था सहा महिन्यांत "आरोग्य सेविका प्रमाणपत्र" देते. सरकारी नोकरी मिळेल म्हणतात.

एकच प्रश्न विचारा: या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते का? होत नसेल तर एएनएमच्या सरकारी पदाला ते चालत नाही. "दिल्ली बोर्ड", "भारत सरकार मान्यताप्राप्त" असलं काही भिंतीवर लिहिलेलं असतं. आमच्या भागातल्या तीन मुलींच्या घरच्यांनी अशा एका ठिकाणी बैल विकून पैसे भरले. मुली आज खासगी दवाखान्यात चार-पाच हजारांवर पट्ट्या बदलतात.

18. आमची आजी दाई आहे. पाड्यावर एक स्वयंसेवकही आहे. त्यांना काही प्रशिक्षण-मानधन?

आदिवासी भागात 1995 पासून नवसंजीवनी योजना आहे, मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनंतर ती आली. दाई बैठका, पाडा स्वयंसेवक, भरारी पथकातले मानसेवी डॉक्टर हे सगळं तिच्यातलं. दाई बैठकीला आलेल्या बाईला त्या दिवसाचा भत्ता मिळतो. बाळंतपण दवाखान्यात व्हावं हा आता सरकारचा रोख आहे, त्यामुळे दाईंची नवी प्रशिक्षणं जवळजवळ थांबली आहेत. मला हे पटत नाही. पावसाळ्यात नाला भरला की त्या पाड्यावर आजीच असते.

19. ग्रामपंचायतीच्या पेसा निधीतून गावातल्या मुलीच्या प्रशिक्षणाला पैसे देता येतात का?

अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध (ठरावीक कामाचं बंधन नसलेला) निधी थेट मिळतो, 2015 पासून. खर्चाच्या विषयांत "आरोग्य, स्वच्छता, शिक्षण" आहे आणि खर्च काय करायचा ते ग्रामसभा ठरवते. एका मुलीची फी भरणं यात बसवायला गेलात तर लेखापरीक्षणात वैयक्तिक लाभ म्हणून आक्षेप निघतो. गावासाठी म्हणून ठराव करा: आशाला पाड्यांवर फिरायला बॅटरी आणि रेनकोट, प्रशिक्षणाला जाणाऱ्या आशांसाठी गाडीचं भाडं, उपकेंद्रात वजनकाटा. हे निघतं, मी दोन गावांत निघालेलं पाहिलंय. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे वर्षाचे 10 हजार वेगळे, तेही विसरू नका. कित्येक गावांत ते सतरंज्यांवर जातात.

20. डॉक्टरांनाही सरकार शिकवतं, ते आमच्याकडे का येत नाहीत?

सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष सेवा बंधनकारक आहे. आधी 10 लाख रुपये भरून ती टाळता यायची. काही जण भरायचे. बाकीचे येतात, आणि आमच्या केंद्रात आजवर जे डॉक्टर आले त्यातले अर्धे असेच आले. वर्ष संपलं की जातात, कारण पीजीचा अभ्यास असतो. आशा तिथेच असते.

21. प्रशिक्षण होऊन तीन महिने झाले, भत्ता जमा नाही. कोणाला धरायचं?

आधी स्वतःचं खातं तपासा. दहातल्या सहा वेळा घोळ तिथे असतो: बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी बदललेला, केवायसी संपलेली, आधार नवऱ्याच्या खात्याशी जोडलेलं, किंवा माहेरचं नाव-सासरचं नाव जुळत नाही. पासबुक भरून घ्या आणि पहिल्या पानाचा फोटो गटप्रवर्तक ताईंना पाठवा.

खातं ठीक असेल तर तालुका आरोग्य कार्यालयातल्या लेखापालांना दोनच गोष्टी विचारा: माझ्या नावाचं देयक पाठवलं का, आणि पाठवलं असेल तर ते यशस्वी झालं की परत आलं. पैसे ऑनलाइन प्रणालीतून जातात, परत आलेल्या प्रत्येक रकमेची नोंद तिथे दिसते. "वरून निधी आला नाही" असं उत्तर मिळालं तर त्याच तुकडीतल्या दुसऱ्या ताईला पैसे मिळाले का ते विचारून घ्या. तिला मिळाले असतील तर निधी आलेला आहे. मग तारीख, ठिकाण, प्रशिक्षणाचं नाव आणि हजेरीपटावरचा तुमचा क्रमांक लिहून जिल्हा समूह संघटकांच्या नावे अर्ज द्या, आणि तो मार्चच्या पहिल्या आठवड्याच्या आत द्या. 31 तारखेनंतर शिल्लक निधी परत जातो आणि तुमचे पैसे पुढच्या वर्षीच्या मंजुरीची वाट बघत बसतात. हजेरीपटावर सही करताना आपल्या पानाचा फोटो काढून ठेवायची सवय लावा, मोबाईल तर आता प्रत्येकीकडे आहे.